माजोलाच्या अंगणातली दारं

६ जून

वुयोकाझी,

फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवला तर निरोप नेणारीलाच म्हणालीस म्हणे, "आईला सांगा, काय असेल ते लिहून खिडकीत टाक. इथे सगळे आपापल्या शब्दांत लिहून देतात. तिला वेगळा नियम नाही." बरं बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली घासण्यात जन्म गेला, पण आठवीपर्यंत शिकलेली आहे मी. हे घे माझे शब्द.

पहिली तक्रार जागेची. अख्ख्या मासिबुलेले वस्तीत तुला फुटबॉलच्या मैदानापलीकडचीच जागा मिळाली? माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की समोर तूच. तो जहाजावरचा जुना लोखंडी कंटेनर, पत्रा कापून केलेली खिडकी, आणि वर पाटी: कर्ज, पैशाची अडचण, सरकारी हक्क, सल्ला मोफत. वाचली तेव्हा माझा चहा नाकातून बाहेर आला. पैशाची अडचण आली की कुठे जायचं हे या वस्तीला पाटी लावून सांगायला लागतं होय? शनिवारी संध्याकाळी माणूस मरतो, शवपेटीवाला रोख मागतो, बँक बंद, तुझी खिडकी बंद. उघडं काय असतं? माजोलाचं स्वयंपाकघर. सल्ल्याने चूल पेटत नाही, पोरी. इथल्याच ईस्ट लंडन शहरात तू ज्या पैशावर शिकलीस तो याच स्वयंपाकघरातला. आणि शिकलीस काय, तर खाल्ल्या घरचे वासे मोजायला.

लोक मला माशोनिसा म्हणतात, बुडवणारी. पाठीमागे म्हणतात, तोंडावर कोणाची छाती नाही. बुडवते काय गं मी? पेन्शनचं कार्ड नि त्याचा नंबर माझ्याकडे ठेवायचा. पहिल्या तारखेला मी मशीनवर जाते, सगळ्यांचे काढते, माझं कापते, उरलेलं ज्याचं त्याच्या हातात ठेवते. कार्ड नसेल, किंवा कार्डानं भागत नसेल, त्याचं दार आणते. झोलानीला मागची खोली उगाच नाही दिली मी; तो स्क्रू काढतो, दार डोक्यावर घेतो आणि मागच्या अंगणात आणून उभं करतो. आपल्या इथल्या जून-जुलैच्या थंडीत बिनदाराच्या घरात माणूस किती दिवस झोपणार? नाक दाबलं की तोंड उघडतं. मारझोड करायची वेळ सहसा येत नाही. ताता डुबुलांचा हात मोडला तो त्यांनी दार सोडलं नाही म्हणून.

हो, माहीत आहे, मी मामभेलेचं दार आणलं म्हणून तू घर सोडलंस. म्हातारी बाई, पदरात नातवंडं, बाहेर गवतावर दव गोठलेलं, हे सगळं तू मला ओरडून ओरडून सांगितलंस. मग माझ्याच खणातला स्क्रूड्रायव्हर घेतलास, तुझ्या स्वतःच्या खोलीचं दार उतरवलंस, आणि डोक्यावर घेऊन मैदान ओलांडून तिच्याकडे चालायला लागलीस. सगळी वस्ती बघत होती. मीही बघत होते. मला वाटलं, कपडे घ्यायला तरी परत येशील.

तुझ्या खोलीला मी पांघरूण टांगलंय. वारा आला की ते आत फुगतं आणि मला वाटतं कोणीतरी आलं.

रविवारी जेवायला ये. मक्याची भरड नि घेवडा शिजवते. झोलानीची लिलिथा तुझी आठवण काढते. तिची आई केप टाऊनला मेली तेव्हा मुठीएवढी होती, आता चार वर्षांची झाली. मागच्या खोलीत बाप घोरत असतो आणि ही उठून थेट माझ्या चुलीपाशी येते. मला मखुलू म्हणते, आजी. तू मला नातवंड दिलं नाहीस, रक्ताचं नातं नसलेल्या झोलानीनं दिलं.

तुझी आई,
माजोला

२ जुलै

वुयो,

हसलीस ना पोटभर?

काल पहिल्या तारखेची मी नेहमीसारखी सकाळीच मशीनवर गेले. पिशवीत रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा. पहिलं घातलं, मशीन म्हणालं चालत नाही. पुसून परत घातलं, चालत नाही. दुसरं घातलं, तेही तसंच. तिसरं तर गिळलंच. मी मशीनला दोन बुक्के हाणले, त्याने चौथं गिळलं. मागे रांग होती, रांगेत कोणीतरी म्हणालं, "माजोला, आज मशीनच तुझं दार काढून नेतंय गं!" आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा लोक मला उघड हसले.

मागे वळले तर रांगेत मामभेले. हातात नवंकोरं कार्ड, नवऱ्या मुलीनं फुलं धरावीत तसं.

"हे काय, मामभेले?"

"कार्ड."

"तुझं कार्ड माझ्याकडे आहे."

"ते मेलं, माजोला. खिडकीतली पोरगी म्हणाली, दुसऱ्याचं कार्ड ठेवून घेणं हा गुन्हा आहे, नवीन मागा. मी म्हटलं, हरवलं असं लिहू का? ती म्हणाली, नाही मखुलू, खोटं लिहायचं नाही. कोणाकडे आहे तेच लिहायचं. मग लिहिलं."

"माझं नाव लिहिलंस?"

"दुसऱ्या कोणाचं लिहू?"

मी तिच्या कानाखाली वाजवली. हे तुला कळलंच असेल, पण माझ्याकडूनही ऐक. वयानं मोठी बाई, तुझ्या वेळी मला वेणा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्याची गाडी येईपर्यंत माझी कंबर धरून बसलेली बाई, तिला मी भर रस्त्यात मारलं, आणि हात थांबेना म्हणून आणखी दोनदा मारलं. तिचा उरलासुरला एक दात पडला. तिनं तो उचलला, शालीला तोंड पुसलं आणि परत रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. रांगेनं तिची जागा धरून ठेवली होती. सगळे गप्प माझ्याकडे बघत होते. ते हसत होते तेव्हाच बरं वाटत होतं.

आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून आजवर मी तुझ्याबद्दल कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. आता नाही ऐकून घेणार. गरज सरो, वैद्य मरो, ही तर लोकांची रीतच आहे. पण आपल्या आईला भिकेला लावायची रीत कुठली गं?

रविवारी आली नाहीस. घेवडा झोलानीनं संपवला.

माजोला

११ जुलै

पोरी,

काल झोलानीला मामभेलेकडे पाठवलं. म्हटलं, ते दार काढून आण. तुझंच दार ते, माझ्या घरचं, माझ्या पैशाचं. गडी परत आला तो हात हलवत.

"मा, आत पोरं झोपली होती."

"मग?"

"मग काय. आलो परत."

मी लाकडी डाव घेतला आणि त्याला बडवलं. खांद्यावर, पाठीवर, डोक्यावर. डाव मोडला. हा माणूस एका हातानं माझी मान मुरगाळेल, पण खाली मान घालून मार खात उभा. लिलिथा चुलीपाशी बसून बघत होती. शेवटी म्हणाला, "झालं, मा? पाणी आणू तुला?"

तुझ्या खिडकीची हवा यालाही लागलीय, मला कळत नाही असं नाही. मागच्या महिन्यात मला विचारत होता, "लिलिथाचा जन्माचा दाखला नाही. दाखला झाला तर पोरीला सरकारी अनुदान मिळतं म्हणतात. खिडकीवर जाऊन विचारू का?" मी म्हटलं, "माझी दारं आणणारा माणूस त्या खिडकीपुढे टोपी काढून उभा राहणार? त्याआधी माझ्या घरातून चालता हो. पोरीला काय कमी आहे? दूध मी देते, स्वेटर मी विणते." पुन्हा विषय काढला नाही त्यानं. तुरुंगातून सुटून आला तेव्हा कुत्रं उभं करत नव्हतं त्याला. मी केलं. त्याला आठवतंय ते.

आता नीट ऐक. काल डाव मोडल्यावर मी त्याला म्हणाले, "दार आणवत नाही ना तुला? मग ती खिडकीच जाळून ये. टेबलाखाली रॉकेलचा निळा डबा आहे, भरलेला आहे." तो म्हणाला, "आत वुयो असते, मा." मी म्हणाले, "तिला माहीत आहे बाहेर कसं पडायचं. माझ्या घरातून पडली तशी."

रागात म्हणाले. पण म्हणाले. लोखंड जळत नाही, आतले कागद जळतात. महिना संपायच्या आत खिडकी बंद कर आणि घरी ये, म्हणजे कोणालाच काही करायला नको.

तुझी आई

२० जुलै

वुयो, माझी बाय,

हात कसा आहे? दवाखान्यात मला आत सोडलं नाही. तूच माझं नाव सांगून ठेवलं होतंस म्हणे. पहारेकरी म्हणाला, मनगट दोन ठिकाणी मोडलंय, प्लॅस्टर घातलंय. डाव्या कुशीवर झोपू नकोस.

जे झालं ते मी लांबून पाहिलं. नळावर होते, बादली लावलेली. लिलिथा माझ्या परकराला धरून उभी होती. झोलानी मैदानातून तुझ्या कंटेनरकडे चालला होता, हातात निळा डबा. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. मी त्याला हाक मारली. त्यानं वळून बघितलं, हात केला आणि भरभर चालायला लागला.

मग कोणीतरी ओरडलं, "विम्बा! अडवा! विम्बा!"

तुला सांगायला नको, या वस्तीत ती हाक ऐकली की कोणी कशाला म्हणून विचारत नाही. धुणारी धुणं टाकते, खाणारा ताट टाकतो. आधी दगड, मग विचारपूस. आणि ज्या घरांना दारं नाहीत त्या घरांतले लोक सगळ्यांत आधी बाहेर आले.

तो पळाला नाही, वुयो. पळाला असता तर सुटला असता, त्याचे पाय लांब होते. मैदानाच्या मध्यात उभा राहून हसला. कोणाची तरी चेष्टा चाललीय असं वाटलं असणार त्याला. पहिला दगड ताता डुबुलांचा, चांगल्या हाताचा. कपाळाला लागला. झोलानी म्हणाला, "अरे, मी झोलानी!" जणू त्यांना माहीतच नव्हतं. मग फावडी आली, काठ्या आल्या, एकीनं कपडे धुवायचा दगड आणला होता. तो गुडघ्यावर बसला तरी डबा छातीशी धरून. डबा फुटला, रॉकेल त्याच्या अंगावर सांडलं, आणि कोणाकडे तरी काडी होती.

तू धावत आलीस, त्याच्या अंगावर पडलीस, त्यांनी तुझ्या केसांना धरून तुला ओढलं. तुझ्या मनगटावर कोणाचा पाय पडला तो मी पाहिला नाही, नाहीतर त्याचा पाय राहिला नसता. तू वेड्यासारखी किंचाळत होतीस, "सोडा, तो आमच्याकडे येत होता! आमच्याकडे येत होता तो!"

अगं, तेच तर! रॉकेल घेऊन तुझ्याकडेच येत होता!

मी लिलिथाचे डोळे झाकले. वास कसा झाकणार?

लोक म्हणतात, सुंठीवाचून खोकला गेला. मी म्हणत नाही. माझ्या हातचं खाऊन वाढलेला माणूस होता तो. पण जो कोणी ओरडला त्यानं तुला जाळण्यापासून वाचवलं, एवढं लक्षात ठेव. शिव्याशाप देऊ नकोस त्याला.

लिलिथा माझ्याजवळच आहे. बाबा कुठे विचारते. मी म्हणते, येईल.

तुझी आई

६ ऑगस्ट

वुयोकाझी,

तू मोडका हात गळ्यात अडकवून घरोघर फिरतेस हे ऐकलं. पोलिसांनी दोन दिवस विचारलं आणि सोडून दिलं, कोणी काही पाहिलं नाही. तू सोडत नाहीस. प्रत्येक दाराशी उभी राहून एकच विचारतेस म्हणे, "पहिली हाक कोणाची?" लोक म्हणतात, बाई, सगळेच ओरडत होतो. तू म्हणतेस, सगळे नंतर. पहिली कोणाची?

नको फिरूस. थंडी आहे, हात सुजेल. कळून काय होणार? मेलेला उठतो का?

काल मामभेले माझ्याकडे आली होती. थोबाडीत खाल्ल्यापासून पहिल्यांदा. न सांगता सवरता स्वयंपाकघरात येऊन बसली, चहा मागितला, दात नाही म्हणून पाव बुडवून खाल्ला. मग म्हणाली, त्या सकाळी झोलानी तिला तिच्या घरासमोर भेटला होता. म्हणाला होता, "मखुलू, लिलिथाचा दाखला आलाय, आज सही करायला बोलावलंय. वुयो पैसे घेत नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं? तुम्ही म्हाताऱ्या तिथे सकाळपासून कुडकुडत बसता, शेगडीला रॉकेल नाही. माजोलाचा डबा भरलेला पडलाय, तोच नेतो. ओरडेल, पण नंतर."

हे खरं का, वुयो? महिनाभर तो तुझ्याकडे येत होता? मी डाव मोडला त्या दिवशीही येऊन गेला होता? माझी जाळायची गोष्ट त्यानं तुला सांगितली, आणि तुम्ही दोघं हसलात? मामभेले म्हणते, हसलात. म्हणून तुला माझ्या पत्राची भीती वाटली नाही.

मला कोणीच का सांगितलं नाही? त्यानं हात केला तेव्हा मला कसं कळणार? माणूस चोरून काही करताना सापडला की तसाच हात करतो नि तसाच भरभर चालतो.

तू मला नाही म्हण. लिहून पाठव, मामभेले म्हातारी झालीय, काहीही बरळते.

माजोला

२९ ऑगस्ट

वुयोकाझी,

हे मी तुझ्या बाकावर बसून लिहितेय. आत दोघं आहेत, त्यांच्यानंतर मी. शेगडी पेटलेली आहे. लिलिथा मांडीवर झोपलीय. बाकावरच्या बायकांनी सरकून मला जागा दिली. मी त्यांची दारं परत केली ना, म्हणून.

तुझ्या नियमाप्रमाणे लिहिते. खोटं लिहायचं नाही, कोणाकडे आहे तेच लिहायचं.

पहिली हाक माझी.

मला वाटलं तो तुला जाळायला चालला आहे. मीच त्याला सांगितलं होतं. माझे गुडघे असे, मी मैदान ओलांडून पोचले नसते. मी त्याला नावानं हाक मारली, तो थांबला नाही, मग मी जी हाक पोचते ती मारली. ती मारली की काय होतं ते मला माहीत होतं. तो अडेल, एवढंच हवं होतं, असं मी महिनाभर मनाला सांगितलं. तेही खरं नाही. त्या घटकेला तो मेला तरी चालेल असं वाटलं, तू आत होतीस. मग लोक जमले, आणि मी एकदा तरी "थांबा" म्हणून ओरडायला हवं होतं. त्या ओरडण्यानं काही झालं नसतं, पण मी ओरडलेच नाही. मी लिलिथाचे डोळे झाकून उभी राहिले.

मामभेलेला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मागच्या पत्रात हे मी गाळलं. चहा संपल्यावर ती म्हणाली, "तुझा आवाज मी ओळखणार नाही? वुयोच्या वेळी तू किंचाळलीस तेव्हा तुझी कंबर कोणाच्या हातात होती? तोच आवाज होता, माजोला. हुबेहूब तोच." मग पिशवी उचलत म्हणाली, "तुझं कार्ड आता माझ्याकडे आहे. नंबरासकट."

काय हवं, विचारलं. म्हणाली, "दारं."

मग मी दारं दिली. एकेक जण यायचा, अंगणातलं आपलं दार ओळखायचा आणि घेऊन जायचा. ताता डुबुला आले, त्यांना एका हातानं उचलेना, दुसरी बाजू मी धरली, त्यांच्या घरापर्यंत गेले. त्यांनी मला चहा पाजला. ज्या हातानं पहिला दगड मारला त्याच हातानं कप दिला, आणि म्हणाले, "माजोला, तू बदललीस गं." वस्तीभर माझं कौतुक झालं. मी ते कौतुक ऐकून घेतलं. असंच जाईल म्हटलं, मामभेले गप्प राहील, वुयो थकेल.

परवा अंगण रिकामं बघून पोरं खेळायला आली. दारं होती तेव्हा जागाच नव्हती. मी ओट्यापाशी होते. बाहेरून माझाच आवाज आला. "विम्बा! अडवा! विम्बा!" तशीच चिरकी धार, तसाच शेवटी फुटलेला. बाहेर आले तर लिलिथा कमरेवर हात ठेवून पोरांना दाखवत होती. "मखुलू अशी ओरडली. मग बाबा पडला."

मी तिला उचलून आत नेलं. तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "सांगायचं नाही. कोणाला नाही. वुयोआत्याला तर मुळीच नाही." तिनं मान हलवली. हो म्हणाली गं ती. पण माझा हात निघेना. मी म्हणत राहिले, सांगायचं नाही, सांगायचं नाही, आणि हात माझा, तुला माहीत आहे केवढा आहे, पातेली उचलणारा, तो तोंडावरून नाकावर गेला होता. ती माझ्या पोटात लाथा मारत होती. मग मारेनाशी झाली.

तेव्हा हात निघाला. ओठ निळे पडले होते. मी तिच्या पाठीत थापट्या मारल्या, पाणी मारलं, हाका मारल्या. तिनं श्वास घेतला. रडली नाही. माझ्याकडे बघत बघत मागे सरकत भिंतीपर्यंत गेली आणि तिथे बसून राहिली. ज्या मुलीनं मला मखुलू म्हटलं तिची ही गोष्ट आहे, वुयो. झोलानीला मी लोकांच्या हातून मारलं. हिला माझ्या हातानं मारत होते, आणि तुला कळू नये एवढ्यासाठी.

आज ती मांडीवर झोपलीय ती दमून. रात्रभर डोळा लागला नाही तिचा.

दाखल्यावर बापाची सही राहिली, त्याचं काय करायचं ते तुला माहीत. बाप कसा गेला, असं कागदावर विचारतील ना? तिथे हे पत्र लाव. अनुदान सुरू झालं की कार्ड तुझ्याजवळ ठेव. कोणी कितीही गोड बोललं तरी देऊ नकोस, मलाही नाही. पोलिसांना तूच फोन कर, मला त्यांच्याशी काय बोलायचं सुचणार नाही. शाल आणलीय, रक्तदाबाच्या गोळ्या आणल्यात. मामभेलेला सांग, कार्ड मी तिच्याकडून सोडवून घेतलं.

तिचं जुनं दार तिला मिळालं, म्हणून तिनं तुझं परत आणून दिलं. मी बसवलं नाही. भिंतीला टेकवून ठेवलंय, तू राहतेस त्या खोलीला लागलं तर ने. लिलिथा झोपेल तिथे मात्र दार पूर्ण लावू नकोस. आता तिला बंद जागेत श्वास कोंडतो. थोडी फट ठेव.

तू सगळ्यांच्या दाराशी जाऊन विचारलंस, एक माझं सोडून. आली असतीस तर मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले असते. म्हणून मी आले.

"पुढचं कोण?" तू विचारतेयस. प्लॅस्टर काढलेला हात खिडकीत दिसतोय, बारीक झालाय. थांब, पोरीला उठवायला नको. आधी खिडकीतून हिला देते. हिला नीट धर, मग हा कागद घे.